स्वरलिपी समोर न ठेवता पियानोची मैफल कशी तयार करावी

स्वरलिपी समोर न ठेवता संपूर्ण मैफल वाजवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने क्लारा शुमान आणि फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकांमुळे रूढ झाली, आणि आजही एकलवादन करणाऱ्या पियानोवादकाकडून बहुतेक ठिकाणी हीच अपेक्षा असते. अशा मैफलीत साधारणपणे ७० ते ९० मिनिटांचे संगीत असते. ते मंचावर आठवेल की नाही, हे सरावाच्या तासांपेक्षा सरावाच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असते.

कार्यक्रम ठरवताना निदान निम्म्या रचना पूर्वी लोकांसमोर वाजवलेल्या असाव्यात. बाखच्या फ्यूगने (एकच विषय वेगवेगळ्या स्वरधारांत एकामागून एक येणाऱ्या रचनेने) मैफल सुरू करणे मानाचे समजले जाते, परंतु तीन-चार स्वतंत्र स्वरधारा एकाच वेळी स्मरणात ठेवाव्या लागत असल्यामुळे, हात गार आणि मन अस्थिर असताना फ्यूग वाजवणे धोक्याचे असते. नवोदित वादकाने ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी, असे माझे मत आहे.

नवी रचना हाती घेतल्यावर कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा हे पहिल्याच आठवड्यात ठरवून स्वरलिपीवर लिहून ठेवावे आणि सबळ कारणाशिवाय पुढे बदलू नये, कारण बोटे बदलली की जमत आलेले पाठांतर विस्कटते.

पाठांतर चार प्रकारे होते: बोटांनी, कानांनी, डोळ्यांनी आणि बुद्धीने. यांपैकी बोटांचे पाठांतर सर्वांत लवकर होते आणि मंचावर सर्वांत आधी दगा देते. प्रत्येक हालचाल पुढच्या हालचालीला चालना देत असते. भीतीमुळे लक्ष एकाएकी बोटांकडे वळले, की ही साखळी तुटते आणि हात बसलेल्या वादकालाही पुढचा स्वर सुचत नाही. म्हणून रचना मुद्दाम निम्म्याहून कमी गतीने, स्वरलिपीकडे न पाहता वाजवून पाहावी. त्या गतीला बोटांची सवय कामी येत नाही, त्यामुळे बुद्धीला खरोखर काय ठाऊक आहे ते लगेच उघड होते. त्यानंतर केवळ डावा हात स्मरणाने वाजवावा. बहुतेकांचे पाठांतर इथेच उघडे पडते.

सोनाटामध्ये (बहुधा अनेक विभागांच्या वाद्यरचनेत) एक वेगळा सापळा असतो. सुरुवातीचा भाग शेवटाकडे जवळजवळ तसाच परत येतो, पण एका ठिकाणी वळण घेऊन निराळ्या स्वरपट्टीत जातो. बीथोवनच्या ‘वाल्डश्टाइन’ सोनाटाच्या पहिल्या विभागात दुसरा विषय, म्हणजे दुसरी मुख्य धून, प्रथम ई मेजर या स्वरपट्टीत येतो आणि पुनरागमनात ए मेजरमध्ये सुरू होतो. वळण चुकले, तर वादक पुन्हा आरंभीच्या भागात जाऊन पोहोचतो. अशा दोन्ही जागा शेजारी शेजारी ठेवून नेमक्या कोणत्या मात्रेपासून त्या वेगळ्या होतात ते शब्दांत सांगता येईपर्यंत अभ्यासाव्यात.

रचनेत दर आठ-दहा ओळींनंतर एक मुक्काम ठरवावा आणि शेवटच्या मुक्कामापासून उलट क्रमाने प्रत्येक ठिकाणाहून सुरुवात करण्याचा सराव करावा. वाद्यापासून दूर बसून संपूर्ण रचना मनात ऐकण्याचाही नेम ठेवावा. पियानोवादक वाल्टर गीझेकिंग तर केवळ स्वरलिपी वाचून रचना आत्मसात करण्यासाठी प्रसिद्ध होते. असे सखोल पाठांतर किती टिकते, याचे मला सर्वाधिक भावणारे उदाहरण पियानोवादक मारिया झ्वाव पिरिस यांचे आहे. आम्स्टरडॅममध्ये त्या मोट्झार्टच्या एका कॉन्चेर्टोच्या (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेच्या) तयारीने आल्या होत्या, आणि वाद्यवृंदाने सुरू केला डी मायनरमधला दुसराच. आरंभीचे वाद्यवृंदाचे वादन चालू असतानाच त्यांनी स्वतःला सावरले आणि तो कॉन्चेर्टो स्मरणातून वाजवला.

पियानोवादकाला बहुधा स्वतःचे वाद्य सोबत नेता येत नाही. सभागृहातील तालमीत संपूर्ण कार्यक्रम वाजवण्यात वेळ घालवू नये. बैठकीची उंची, पेडल किती दाबल्यावर पकड घेते, अगदी हळू वाजवताना कोणती पट्टी मुकी राहते आणि एकच स्वर जलद गतीने किती स्वच्छ वाजतो, एवढे तपासून दोष असल्यास ट्यूनरला (पियानो सुरात लावणाऱ्याला) तत्काळ सांगावे. रिकाम्या सभागृहात नाद अधिक घुमतो आणि श्रोते आल्यावर तो शोषला जातो, म्हणून तालमीतील पेडलचे प्रमाण अंतिम मानू नये.

मैफलीत विस्मरण झालेच, तर मागे जाऊन तोच भाग पुन्हा वाजवू नये, कारण साखळी तिथेच पुन्हा तुटते. डाव्या हाताची लय चालू ठेवून पुढचा मुक्काम गाठावा. हा प्रसंग घरी मुद्दाम घडवून त्याचाही सराव करावा. एवढे करूनही भीती वादनावर मात करत असेल, तर स्वरलिपी समोर ठेवण्यात कमीपणा नाही. पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर आयुष्याच्या उत्तरार्धात अंधाऱ्या सभागृहात, छोट्या दिव्याच्या प्रकाशात स्वरलिपी पाहूनच वाजवत असत. मात्र तसे करायचे ठरल्यास तो निर्णय काही आठवडे आधी घ्यावा आणि पाने कोण उलटणार हे निश्चित करून त्या व्यक्तीसोबत किमान एक पूर्ण तालीम करावी.