पाया सोडून घर उचलताना: सोलापूरच्या काळ्या मातीत जॅक कसे लावावेत

रस्त्यावर थरावर थर चढत जातो, घराचं जोतं खाली राहतं आणि सप्टेंबरच्या पावसात पाणी थेट स्वयंपाकघरात शिरतं. अशा वेळी घर पाडण्याआधी ते उचलता येईल का, हे तपासून घ्या. चेकोस्लोव्हाकियातल्या मोस्त गावातलं सुमारे 10,000 टनांचं चर्च 1975 साली रुळांवरून 841 मीटर सरकवलं होतं. त्यामुळे वजनाला घाबरायचं कारण नाही. खरा धोका आहे तो एक कोपरा दुसऱ्याआधी वर जाण्याचा.

आधी नकार कुठे द्यायचा ते सांगतो. दगड-मातीच्या भिंती आणि माळवद असलेलं जुनं घर या पद्धतीने उचलू नका. मातीचा सांधा ओढ सोसत नाही, भिंत फुगते. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर एकट्याचं घर वर जाणार नाही. सिमेंटमधल्या विटांचं, स्लॅबचं, चारी बाजूंनी सुटं घर उत्तम.

मग वजन काढा. 9 × 10 मीटरचं एकमजली घर धरू. 125 मिमी स्लॅबचे 28 टन, वरच्या कोब्याचे 18 टन. आतल्या-बाहेरच्या मिळून 60 मीटर लांबीच्या 9 इंची भिंती दारं-खिडक्या वजा जाता 75 टन, गिलावा आणि इतर 14 टन. एकूण 135 टन. दर 60 सेंमीला एक, असे 100 स्क्रू जॅक (पेच फिरवून वर चढणारे) लावले तर प्रत्येकावर सरासरी 1.35 टन येतात. तरीही जॅक 10 टनीच घ्या, कारण शेजारचा ढिला पडला की त्याचा भार याच्यावर येतो.

सोलापुरात काम फसतं ते इथून पुढे. जॅकची बैठक 20 × 20 सेंमी, म्हणजे मातीवर चौरस मीटरला जवळपास 34 टन दाब. काळी माती एवढा सोसत नाही, जॅकच खाली जातो. मुरूम लागेपर्यंत खणा. तो लागत नसेल तर प्रत्येक जॅकखाली 60 × 40 सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा घाला. दाब साडेपाच टनांवर उतरतो. चार-पाच दिवसांआड पाणी येत असल्याने अंगणात जमिनीखाली हौद असतोच. तो रिकामा करा आणि त्याच्या भिंतीलगत जॅक टेकवू नका. काम फेब्रुवारी ते मे दरम्यान उरका. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालत असतील तर उचलण्याच्या वेळेपुरते बंद ठेवायला सांगा, हादऱ्याने जॅकपाशी ठोकलेल्या पाचरी सरकतात.

खणताना सगळी भिंत एकदम मोकळी करू नका. एक मीटरचा खड्डा, पुढचा दीड मीटर तसाच, असं एक सोडून एक. जोत्याला बीम नसेल तर भिंतीच्या दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल बोल्टने आवळा आणि जॅक त्याखाली द्या. सगळे जॅक घट्ट झाल्यावरच खालचं बांधकाम कापा.

उचलायची रीत अशी: शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकाच वेळी पाव फेरा. पेच फेऱ्याला 12 मिमी चढत असेल तर घर 3 मिमी वर गेलं. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही कोपरे आणि मधल्या भिंती मोजा, मगच पुढची शिट्टी. जुन्या भेगांवर आधीच काचपट्ट्या चिकटवून ठेवा. पट्टी तडकली की थांबा आणि मागे पडलेला जॅक शोधा. घाईत पुढच्या शिट्टीवर जाणं हीच सर्वांत महाग चूक. शहाबादी फरशी खालीच राहते, ती नंतर मुरूम भरून नव्याने बसवावी लागते.

घर सरकवायचंही असेल तर भिंतींखाली लोखंडी आय-बीमची जाळी आणि रूळ लागतात. जाळीसह 150 टनांना रोलरवर पाच टक्के धरून साडेसात टन ओढ लागते. सुटताना जास्त लागते, म्हणून 15 टनांची तयारी ठेवा. विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) खेचू नका, दोर झटका देतो. हायड्रॉलिक जॅकने हळूहळू ढकला.

नळ आणि ड्रेनेजला आधीच लवचिक पाइप जोडा. 1930 मध्ये इंडियानापोलिसची सुमारे 11,000 टनांची टेलिफोन इमारत 90 अंशांत फिरवली, तेव्हा आतलं काम चालूच होतं, ते अशाच जोडांमुळे.

शेवटी जॅकांमधली जागा सिमेंटच्या बांधकामाने भरून 7 दिवस पाणी मारा. मग एक सोडून एक जॅक काढा, त्यांच्या खाचा न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या भरावाने) ठासून भरा, पुन्हा 7 दिवस थांबा. उरलेले जॅक त्यानंतरच काढा.