एकाच पातेल्यातली उसळ
घरात सर्वांचा स्वयंपाक एकत्र होत असेल, तर पौष्टिक खाण्यासाठी स्वतःपुरते वेगळे महागडे पदार्थ आणण्यापेक्षा रोजच्या भाजीतच बदल करावा. 8 ते 10 तास भिजवलेली मटकी उपसून ओलसर फडक्यात बांधून ठेवावी. मोड आल्यावर उसळ करताना फोडणीचे तेल चमच्याने मोजून घालावे आणि ज्यांना तर्री हवीच असेल, त्यांच्यासाठी ती कढल्यात वेगळी करावी, म्हणजे वादही होत नाहीत. ताटात वाढल्यावर लिंबू पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास मात्र हा फायदा कमी होतो. उसळीसोबत पालेभाजीही घरच्या घरी होते; मुळ्याचा पाला फेकणे ही तर निव्वळ उधळपट्टी. तो पीठ पेरून परतावा.