शेवटची सहा बोटं: रोड बाइकवर घट्ट टायर चढवताना

रोड बाइकचा नवा टायर जवळजवळ सगळा गुमान रिमवर चढतो आणि शेवटची सहा बोटं उरली की हटून बसतो. आमच्या ग्रुपमधली तरणीताठी मुलं इथे दात-ओठ खात अंगठे सोलून घेतात. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. हात लहान, मनगटं पैलवानाची नव्हेत. तरी सिंहगडाच्या पायथ्याशी कुणाचा टायर अडला की "काकू, जरा बघता का?" अशी हाक येते. मुलं जोर लावतात, मी ढील शोधते. फरक तेवढाच.

टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तार असते, घडी घालता येणाऱ्या टायरमध्ये केव्हलार या चिवट धाग्याचा दोर. भरपूर हवा भरल्यावर टायर रिमवरून उडू नये म्हणूनच तो घातलेला असतो, तेव्हा तुमच्या-माझ्या अंगठ्याने तो काय ताणला जाणार? कासार बांगडी भरतो ते आठवा. काच ताणता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो हात चेपून अरुंद करतो, वर साबण लावतो आणि बांगडी सरकवतो. रिमलाही असा अरुंद भाग आहे. टायर काढून आत पाहिलं तर मधोमध एक खोलगट पन्हळ दिसते. ७००सी, म्हणजे रोड बाइकच्या नेहमीच्या मापाच्या रिमवर कड जिथे टेकते तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. पन्हळ त्याहून तीन मिलिमीटर खोल आहे असं धरा. पाऊण चाकभर कड तिच्यात उतरवली, तर उरलेल्या पाव भागाला साधारण १४ मिलिमीटर ढील मिळते. अडलेली सहा बोटं आत जायला एवढी बहुतेक वेळा पुरते.

म्हणून टायर हातात घेण्याआधी पन्हळीतली, स्पोकची भोकं झाकणारी टेप बघा. जाड कापडी पट्टी असेल, किंवा आधीच्या माणसाने एकावर एक दोन थर दिले असतील, तर पन्हळ तेवढी भरून गेलेली असते. जाडी अर्धा मिलिमीटर कमी केली तर परिघात तीन मिलिमीटरहून जास्त ढील हाती येते. ट्यूबलेसची पातळ टेप ट्यूब घालून वापरली तरी चालते, फक्त स्पोकची सगळी भोकं नीट झाकली गेली पाहिजेत. टायर बदलूनही दर वेळी तीच रड असेल तर मी आधी टेप बदलायला सांगते. पैसेही तिलाच कमी लागतात.

नवा घडीचा टायर असेल तर उलगडून अर्धा तास गच्चीवर उन्हात ठेवा. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात तेवढ्याने रबर चांगलंच नरम पडतं. डिसेंबरच्या पहाटे हेच काम दुप्पट जड जातं, त्यामुळे राइडच्या दिवशी पहाटे पाच वाजता नवा टायर काढून बसू नये.

आता बसवणं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो आधी बघा. पहिली कड सहसा हातानेच चढते. ट्यूबमध्ये तिला गोलाई येईल इतकीच हवा भरा आणि वॉल्व्ह भोकातून काढून ट्यूब आत सारा. वॉल्व्हची चकती-नट आत्ता लावू नका, वॉल्व्ह पुढे वर ढकलावा लागणार आहे.

दुसरी कड कुठून सुरू करायची यावर आमच्यात वाद होतात. पुष्कळ जण वॉल्व्हपासून सुरू करतात, कारण टायरवरचं नाव वॉल्व्हजवळ जुळवायचं असतं आणि हात आधीच तिथे असतो. नाव खुशाल जुळवा, पण दुसरी कड वॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने चढवायला घ्या आणि वॉल्व्हपाशी संपवा. वॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब जाड असते, ती पन्हळीत अडून बसते आणि कडेला खाली उतरू देत नाही. तो भाग शेवटी ठेवला तर बाकी सगळी कड पन्हळीत जाऊ शकते.

दोन्ही बाजूंनी सरकत आलात आणि टायर अडला की थांबा. ट्यूबमधली हवा सगळी सोडा. चाक उभं धरा, वॉल्व्ह जमिनीकडे. वरच्या टोकाला टायरच्या दोन्ही बाजू चिमटीत दाबून कडा मधोमध पन्हळीत पाडा, आणि तसंच दाबत, टायर खाली ओढत दोन्ही हात वॉल्व्हकडे आणा. पुन्हा वरून. पुन्हा. मुलं ही फेरी एकदाच, तीही घाईत करतात आणि लगेच अंगठे लावतात. दोन-तीन फेऱ्या मन लावून केल्या की अडलेल्या ठिकाणी कड सैल झालेली बोटांना कळते.

मग चाक फिरवून वॉल्व्ह वर आणा, खालचा भाग पोटाशी टेकवा. अंगठ्यांऐवजी तळव्याची मनगटालगतची गादी वापरा आणि कड पुढे लोटत-गुंडाळत रिमवरून आत घ्या. मधूनच एकदम ढकलू नका. एका टोकाकडून बोटभर, मग दुसऱ्या टोकाकडून बोटभर. एक टोक चढवताना दुसरं निसटत असेल तर तिथे रिम आणि टायरभोवती वेल्क्रोचा पट्टा आवळा. पट्टा नसेल तर गुडघा. तरीही नाही म्हणाला तर उरलेल्या भागावर भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस मात्र नको. तेलाने रबर खराब होतं, आणि रिम-ब्रेक असेल तर ब्रेक लागायची पंचाईत.

लिव्हर, म्हणजे टायरची कड उचलायची पट्टी, अगदी शेवटी, तोही प्लॅस्टिकचा. आत जाताना कड आणि लिव्हर यांच्यात ट्यूब चिमटली की शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा पडतात आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. पुण्यातल्या पंक्चरवाल्यांचा हात काळ्या सायकलींवर बसलेला आहे. तिचा २८ बाय दीडचा टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमवर ते गप्पा मारता मारता चढवतात. रोड बाइकचा टायर अडला की त्यांच्यातला एखादा लोखंडी पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर काढतो. तेव्हा "दादा, राहू द्या, मी करते" म्हणायचं. ॲल्युमिनियमच्या रिमची कड त्याने वाकते आणि कार्बनचे तर टवके उडतात. हातात जोर नसेल तर प्लॅस्टिकचं एक लांब हत्यार मिळतं: त्याचं एक टोक पलीकडच्या रिमवर टेकतं आणि दुसरं कड उचलून आत आणतं. घरी ठेवायला ते उत्तम आहे.

टायर बसला की लगेच पंप लावू नका. वॉल्व्ह आत, टायरकडे ढकला आणि परत ओढा, म्हणजे बुडाशी कडेखाली अडकलेली ट्यूब सुटते. मग दोन्ही बाजूंनी टायर थोडा थोडा बाजूला सारत अख्खं चाक तपासा. कुठेही ट्यूब डोकावता कामा नये. अर्धी हवा भरून चाक फिरवा. टायरच्या अंगावर रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एखाद्या जागी आत दबली असेल तर हवा सोडा, तिथे साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. त्यानंतरच पूर्ण हवा, टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या आकड्यांपैकी जो कमी असेल त्याच्या आत. हुकलेस रिम, म्हणजे टायरची कड धरून ठेवणारा आकडा आतून नसलेली रिम, असेल तर ७२.५ पीएसआय ही कमाल मर्यादा, आणि त्यावर फक्त ट्यूबलेसला चालणारेच टायर. तिथे जुगाड करू नका.

ट्यूबलेस टायर मुळातच जास्त घट्ट असतात, कारण हवा त्यांना स्वतःच अडवायची असते. पद्धत हीच, फक्त ट्यूब चिमटायची भीती नाही.

नवा टायर बसवल्यावर रात्रभर हवा भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घरीच एकदा काढून पुन्हा चढवा. दुसऱ्या खेपेला तो बहुधा जरा सोपा जातो. बोपदेव घाटात पहाटे पंक्चर झालं तर आसपास दुकान उघडं नसतं, तिथे टायरशी पहिली ओळख नको. सातारा रस्त्यावर फुटलेल्या ट्रकच्या टायरांच्या तारा पडलेल्या असतात, केसासारख्या बारीक. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तार जिथे असेल तिथे कापूस अडकतो आणि बोट कापत नाही. ती उपटायला भुवयांचा चिमटा सीटखालच्या पिशवीत ठेवा.