मुलाखतीची प्रश्नपत्रिका तुमच्याच फॉर्ममध्ये असते

कॅटनंतर (एमबीएची प्रवेश परीक्षा) आयआयएमचं मुलाखतीचं बोलावणं आलं की पोरं आधी चालू घडामोडींच्या मागे लागतात. त्याआधी आपण भरलेल्या अर्जाची प्रिंट काढा आणि लाल पेन घेऊन बसा. समोरच्यांच्या हातात बहुतेक वेळा तोच कागद असतो.

आपण लिहिलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची आणि त्यावर येऊ शकतील असे तीन प्रश्न समासात लिहायचे. 'छंद : वाचन' असं लिहिलंय? मग शेवटचं पुस्तक कोणतं, त्यात काय पटलं नाही, हे सांगता आलं पाहिजे. (नसेल येत, तर अजून वेळ आहे, एक वाचून काढा.) गाव सोलापूर असेल तर चादरीबद्दल विचारतीलच. तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे कुणीही सांगेल. यंत्रमाग का बंद पडतायत, हे चार कारखान्यांत जाऊन विचारलंत तर तुमचं उत्तर वेगळं होईल.

पदवीचा मुख्य विषय विसरू नका. इंजिनिअर मुलांची दांडी इथेच उडते. दोन विषय निवडून मुळापासून करा. मराठी माध्यमातून आला असाल तर ते इंग्रजीत मोठ्याने बोलून पाहा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. पहिलं रेकॉर्डिंग ऐकवत नाही, तिसरं बरं असतं.

आणि येत नसेल तर सरळ 'सर, नाही माहीत' म्हणा. थापा मारल्यात की पुढचे तीन प्रश्न त्याच थापेवर येतात.