स्वच्छतागृहाच्या कडीवरचे जिवाणू मोजताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की हा प्रकल्प हमखास येतो: पाचवी, आठवी आणि दहावीची मुलं वापरतात त्या स्वच्छतागृहांपैकी कुठल्या कडीवर जिवाणू जास्त? प्रश्न चांगला आहे. पण वर्षानुवर्षं त्याच चुकांत मुलांची मेहनत वाया जाताना बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे, दोन दारांत फरक फक्त वयाचा आहे असं धरून चालणं. एका शाळेत पाचवीच्या प्लेटवर (जिवाणू वाढवायला पोषक जेल भरलेली झाकणाची बशी) सत्तरेक वसाहती, म्हणजे जिवाणू वाढून दिसणारे ठिपके, आल्या; दहावीच्या प्लेटवर तीन. 'लहान मुले हात धूत नाहीत' असा तक्ता रंगवूनही झाला होता. मी दारं बघायला गेले. पाचवीच्या दाराला स्टीलचं हँडल. दहावीचा वर्ग जुन्या इमारतीत, तिथे पितळी कडी. पितळेत तांबं असतं आणि तांब्यावर बरेचसे जिवाणू काही तासांत मरतात. सफाईच्या मावशींशी बोलले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मुलांनी स्वॅब (नमुना घ्यायची कापूस गुंडाळलेली काडी) फिरवला त्याच्या जेमतेम पंधरा मिनिटं आधी मावशींनी ती पितळी कडी फिनेलच्या फडक्याने पुसली होती. लहानग्यांवर उगाच ठपका! तक्ता उतरवायला लावला.

तेव्हापासून स्वॅब हातात देण्याआधी मी वहीत लिहून घेते: धातू कोणता, शेवटची सफाई कधी झाली, किती मुलं ते दार वापरतात, स्वॅबची वेळ काय. स्वॅब मधल्या सुट्टीनंतरच, आणि प्रत्येक दाराच्या तीन प्लेट. एका प्लेटवरून काहीही सिद्ध होत नाही.

कोरडा स्वॅब फिरवू नका. निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवून घ्या. तसाच भिजवलेला, कशालाही न लावलेला स्वॅब एका प्लेटवर फिरवा. तिच्यावरही वाढ झाली तर दोष तुमच्या तयारीत आहे. कापसासारखं पांढरं-हिरवं दिसतं ती बुरशी, ती मोजू नका. तीनशेच्या वर वसाहती असतील तर अंदाजे आकडा न टाकता 'मोजता येत नाहीत' असं लिहा.

घाईची चूक मात्र मला सहनच होत नाही. 'उद्या दाखवायचंय' म्हणून प्लेट 37 अंशांवर ठेवतात. ते आपल्या शरीराचं तापमान आहे. माणसाला आजारी पाडणारे जिवाणू तिथे जोमाने वाढतात. शाळेत 25 ते 30 अंश पुरे, दोन-तीन दिवस थांबा. प्लेट उलटी ठेवा, म्हणजे झाकणावरचं पाणी वसाहतींवर पडणार नाही. झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि पाहुणे कितीही आग्रह करोत, उघडू नका. काम संपलं की काचेच्या प्लेट न उघडता प्रयोगशाळेच्या वेगळ्या कुकरमध्ये, 121 अंशांवर अर्धा तास ठेवा. हे काम शिक्षकांनीच करायचं.