टाकी फुल्ल केली, आता गाडी किती लांब जाईल?

माझ्या मोटारसायकलच्या सीटखाली, टूलकिटशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत एक छोटी वही असते. गेली १४ वर्षं पेट्रोल भरलं की तिथंच उभं राहून मी त्यात एक ओळ लिहितो. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, किती लिटर गेलं आणि दोन-तीन शब्दांचा शेरा : ‘डबल सीट’, ‘समोरून वारा’, ‘चेन सैल होती’. गाडी १५० सीसीची, कार्बोरेटरवाली. टाकी १२ लिटरची.

वहीची सुरुवात एका रात्रीपासून झाली. मामांना घेऊन मी लांबच्या प्रवासाहून परतत होतो. मागे मामा, दोन्ही बाजूंना बॅगा, वाटेत मोठा घाट. गाडी ५२ चं ॲव्हरेज देते हे डोक्यात पक्कं होतं. १२ गुणिले ५२ म्हणजे ६२४ किलोमीटर, तेव्हा ५४० पर्यंत पंपाकडे बघायची गरज नाही असा माझा हिशेब. ४६७ व्या किलोमीटरला, अंधारात, अर्ध्या घाटात गाडी दोन आचके देऊन बंद पडली. रिझर्व्हला टाकावी म्हणून हात खाली नेला, तर कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, आधीच रिझर्व्हवर होता. आदल्या वेळी पेट्रोल भरल्यावर तो परत ‘ऑन’वर करायचा राहिला होता. त्या एका रात्रीत माझ्या चार चुका उघड्या पडल्या. खाली जे लिहितो आहे ते त्या चार चुका पुन्हा होऊ नयेत म्हणून वहीनं जे शिकवलं तेच.

आधी ॲव्हरेज काढायचं कसं ते बघू, कारण बहुतेकांचा आकडा ऐकीव असतो. जाहिरातीतला आकडा ठरावीक वेगाच्या, ठरावीक वजनाच्या चाचणीत मिळालेला असतो. तुमचा रस्ता, तुमचं वजन आणि तुमचा उजवा हात त्यात नसतो. खात्रीची पद्धत एकच, टाकी ते टाकी. टाकी एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा, आणि रिझर्व्ह लागायच्या सुमारास पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. दुसऱ्यांदा जेवढे लिटर गेले त्यानं किलोमीटरला भागा. पहिल्या वेळी किती गेले याचा हिशेबाशी काही संबंध नाही.

सगळी मेख ‘त्याच खुणेपर्यंत’ या शब्दांत आहे. गाडी साइड स्टँडवर तिरकी असेल तर टाकीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि पेट्रोल तोंडाशी आल्यासारखं दिसतं. माझ्या गाडीत यानं ७०० मिलीचा फरक पडतो. पंपाच्या नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं, ते पेट्रोलानं किंवा फेसानं झाकलं गेलं की नळी आपोआप बंद होते. नळी किती आत घातली आणि किती जोरात सोडली यावर ती लवकर बंद होणार की उशिरा, हे ठरतं. म्हणून गाडी मेन स्टँडवर घ्या. शेवटचं अर्धा लिटर सावकाश सोडायला सांगा आणि टाकीच्या गळ्याची आतली कड दिसते तिथं थांबा. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा.

कडेच्या वर मात्र भरू नका. एका अंशाला पेट्रोल साधारण हजारात एक भाग फुगतं. जमिनीखालच्या थंड टाकीतून आलेलं १२ लिटर पेट्रोल उन्हात २५ अंशांनी तापलं, तर पाव लिटरहून जास्त जागा मागतं. ती जागा नसेल तर ते हवेच्या नळीतून बाहेर येतं. नव्या गाड्यांत ते वाफ शोषणाऱ्या डब्यात शिरून तो खराब करतं.

थोडं पेट्रोल भरून काढलेल्या ॲव्हरेजवर विश्वास ठेवू नका. समजा २०० किलोमीटर गेलात आणि खरं ४ लिटर जळलं. ॲव्हरेज ५०. पण दुसऱ्यांदा गाडी तिरकी असल्यामुळे टाकीत ३.३ लिटरच गेलं, तर वहीत ६० च्या वर आकडा येईल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. तेच ७०० मिली ५०० किलोमीटरांवर पसरलं तर चूक लहान होते. चार-पाच टाक्यांची बेरीज केली तर जवळजवळ नाहीशीच होते, कारण एकदा कमी भरलेलं पुढच्या वेळी जास्त जातं.

बेरीज करताना एक चूक सर्रास होते. एका टाकीचं ६० आणि दुसरीचं ४० आलं, म्हणून सरासरी ५० धरतात. १२० किलोमीटर ६० नं गेलात तर २ लिटर जळलं, पुढचे १२० किलोमीटर ४० नं गेलात तर ३ लिटर. २४० भागिले ५, म्हणजे ४८. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार. दुसरा रस्ता नाही.

मीटर किती खरं बोलतं? काट्याचा वेग बहुतेक गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दिसतो, कारण तो कमी दाखवू नये असा नियम बऱ्याच देशांत आहे. किलोमीटरचा आकडा सहसा त्याहून अचूक असतो. पण टायर झिजला की घेर कमी होतो, तेवढ्याच अंतराला चाकाचे फेरे वाढतात आणि मीटर थोडे जास्त किलोमीटर दाखवतं. मोकळ्या रस्त्यावर ५० किलोमीटर फोनच्या जीपीएसशी ताडून बघा. माझं मीटर ५० ला ५१ दाखवतं. टाकी कुठवर पुरेल हे त्याच मीटरवर मोजत असाल तर या फरकानं काही बिघडत नाही, चूक दोन्हीकडे सारखीच असते. नकाशावरचं अंतर धरून बेत आखताना मात्र ती दुरुस्ती करा.

आता रिझर्व्ह, ज्यावर मी फसलो. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नाही, आणि १२ लिटरच्या वरचं जादा पेट्रोलही नाही. कॉकला टाकीच्या आत दोन नळ्या असतात, एक उंच, एक बुटकी. ‘ऑन’वर पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्याखाली गेली की गाडी आचके देते. रिझर्व्हवर टाकलं की बुटकी नळी उघडते आणि खालचं उरलेलं मिळतं. म्हणजे कॉक कायम रिझर्व्हवर ठेवला की इशारा देणारा कुणीच उरत नाही. पेट्रोल भरल्यावर झाकण लावायच्या आधी कॉक ‘ऑन’वर करायचा, हा क्रम मी हाताला लावून घेतला आहे. कॉकला हात लागल्याशिवाय झाकण लावत नाही.

रिझर्व्ह नेमकं किती आहे तेही मोजून घ्या. पंप जवळ असताना ‘ऑन’वर गाडी आचके देईपर्यंत चालवा, मग रिझर्व्हवर टाकून लगेच पंपावर जा आणि गळ्याच्या कडेपर्यंत भरा. मी तीनदा केलं : १०.३, १०.२, १०.४ लिटर गेलं. १२ मधून १०.३ वजा केले की १.७ उरतात. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत २ लिटर लिहिलेलं आहे. पुस्तिका चुकीची म्हणत नाही, पण बेत आखताना मी १.७ च धरतो, कारण ते माझ्या टाकीत मोजलेलं आहे. त्यातलंही शेवटचं १०० मिली तळाला राहतं, म्हणून हाताशी खरं १.६.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फवाऱ्यानं पेट्रोल सोडणाऱ्या गाड्यांना असा कॉक नसतो. तिथं काटा, दिवा किंवा ‘इतके किलोमीटर उरले’ असा आकडा असतो. काटा तरंगत्या बोंडावर चालतो आणि टाकी काही सरळसोट डब्यासारखी नसते, म्हणून अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असं समजू नका. वहीत एक रकाना वाढवा : काटा कुठं होता आणि भरताना किती गेलं. पाच-सहा वेळा लिहिलंत की तुमच्या काट्याची भाषा कळेल. उरलेल्या किलोमीटरचा आकडा आधीच्या खपावरून काढलेला असतो. सपाट रस्त्यावर १२० दाखवणारी गाडी घाट सुरू झाल्यावर झपाझप खाली येते, ती बिघडलेली नसते. या गाड्यांत इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा छोटा पंप टाकीतच बुडलेला असतो आणि त्याला थंडावा पेट्रोलच देतं. टाकी वारंवार कोरडी केलीत तर तो पंप लवकर जातो. म्हणून वर सांगितलेला आचके देईपर्यंतचा प्रयोग इंजेक्शनच्या गाडीवर करू नका. दिवा लागला की भरा आणि किती गेलं ते लिहून ठेवा.

आता टाकी किती पुरेल ते. मी त्या रात्री अख्खी टाकी गुणिले नेहमीचं ॲव्हरेज असा हिशेब केला होता. आता रिझर्व्हपर्यंतचे लिटर गुणिले वहीतलं सर्वांत वाईट ॲव्हरेज असा करतो. माझं नेहमीचं ५२, वाईटात वाईट ४२. १०.३ गुणिले ५२ म्हणजे ५३५. १०.३ गुणिले ४२ म्हणजे ४३२. अनोळखी रस्ता, ओझं, घाट यांतलं काहीही असेल तर ट्रिप मीटरवर ४०० दिसले की पुढचा पहिला पंप माझा. रिझर्व्ह लागल्यावर १.६ गुणिले ४२, म्हणजे ६७, पण मी ६० धरतो. रिझर्व्ह लागलं त्या क्षणी मीटर किती होतं ते मोठ्यानं म्हणतो, म्हणजे मागे बसलेल्याच्याही लक्षात राहतं.

ॲव्हरेज ५२ वरून ४२ वर का येतं? सगळ्यांत मोठं कारण वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ५० वरून ७० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो, ६० वरून ९० वर गेलात की सव्वादोन पट. मोटारसायकलवर बसलेला माणूस हवेला अगदी भिंतीसारखा आडवा येतो, म्हणून हे आपल्याला चारचाकीपेक्षा जास्त भोवतं. माझ्या वहीत ५०-५५ च्या एकसारख्या वेगाला ५८ आहे आणि ८० ला ४५. समोरून वारा असेल तर तोही वेगात मिळवा. २० चा वारा समोरून आणि तुम्ही ६० वर, म्हणजे हवेच्या लेखी तुम्ही ८० वर आहात. बाहेर आलेल्या बॅगा हेच वाढवतात. मामा आणि बॅगा घेऊन मी चढावर गाडी ताणत होतो, आणि दिवसभर ८० नं आलो होतो.

बाकीची कारणं गाडीतली. टायरमध्ये हवा कमी, हे सर्वांत जास्त आढळतं. गाडी थंड असताना, सकाळी, पुस्तिकेतल्या आकड्याइतकी भरा. डबल सीटचा आकडा वेगळा असतो. मेन स्टँडवर मागचं चाक हातानं फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन ताठ किंवा कोरडी आहे. एअर फिल्टर तुंबला की कार्बोरेटरची गाडी पेट्रोल जास्त पिते. प्लग काढून बघा, तपकिरी असेल तर ठीक, काळी काजळी असेल तर जास्त पेट्रोल जातंय. चोक ओढलेला राहिला नाही ना, हेही बघा. हाफ क्लचवर गाडी पेलायची सवय असेल तर ती सोडा. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापायच्या आतच प्रवास संपतो, तेव्हाचं ॲव्हरेज कमीच येणार. पेट्रोलात इथेनॉल असेल तर तेही धरा : लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असते, म्हणून १० टक्के इथेनॉलला ॲव्हरेज ३ टक्क्यांच्या आसपास उतरतं.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून एक्सलेटर पूर्ण सोडला तर इंजिनाला पेट्रोल जाणं बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. कार्बोरेटरच्या गाडीत चार थेंब वाचतील, पण इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. घाटात तापलेले ब्रेक मी एकदा अनुभवले आहेत, ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि इतकं करूनही गाडी कोरडी पडलीच तर? मोटारसायकलची टाकी मधल्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते. कॉक एका बाजूला, सहसा डावीकडे. तिकडचं पेट्रोल संपलं तरी पलीकडच्या खोबणीत थोडं अडकून राहतं. त्या रात्री हे मामांना ठाऊक होतं, मला नव्हतं. “गाडी कॉकच्या अंगाला आडवी कर, मी धरतो,” ते म्हणाले. दोघांनी मिळून ती डावीकडे चांगली कलवली, आतून खळखळ आवाज आला, मग सरळ करून मिनिटभर थांबलो. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. दुसऱ्या गिअरवर, मामांना मागे बसवून, जराही जास्त पीळ न देता माथा गाठला, आणि पलीकडे उतारावर पंपाचा दिवा दिसला. मीटर ४७१. मेन स्टँडवर, गळ्याच्या कडेपर्यंत, ११.९ लिटर गेलं. मामांनी खिशातून पेन काढून दिलं आणि मी तो आकडा पेट्रोलच्या पावतीमागे लिहिला. ती पावती वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेली आहे.