इव्हेंट लॉगवर क्वेरी लिहिताना या चुका टाळा

इव्हेंट लॉगवरून, म्हणजे सिस्टिममध्ये साठलेल्या घटनांच्या नोंदींवरून, एखादी प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते हे समजून घ्यायचे असेल, तर प्रत्येक नोंदीत किमान तीन गोष्टी लागतात : केस आयडी (नोंद कोणत्या प्रकरणाची आहे तो क्रमांक), कृती आणि टाइमस्टॅम्प (ती कधी घडली ती वेळ). हे तीन कॉलम हाती लागताच नवशिके विश्लेषक क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागवणारी आज्ञा) लिहायला घेतात आणि प्रक्रियेचा नकाशा काढून मोकळे होतात. क्वेरी एरर देत नाही आणि नकाशाही पटण्याजोगा दिसतो, त्यामुळे पुढील चुका दीर्घकाळ कुणाच्या लक्षात येत नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान टाइमस्टॅम्पवर डोळे झाकून विश्वास ठेवल्याने होते. एका कंपनीच्या खरेदी प्रक्रियेच्या तपासणीत, मंजुरी मिळण्याआधीच पुरवठादारांना पैसे दिल्याची शेकडो प्रकरणे सापडल्याचा अहवाल सादर झाला आणि लेखा विभागाकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. मूळ टेबल उघडून पाहिल्यावर कारण स्पष्ट झाले. मंजुरीची सिस्टिम तास, मिनिटे आणि सेकंद नोंदवत होती, तर पेमेंटच्या टेबलमध्ये केवळ तारीख होती. दोन्ही एकत्र करताना त्या तारखेला ००:००:०० ही वेळ आपोआप जोडली गेली. साहजिकच, सकाळी मंजुरी मिळून त्याच दिवशी दुपारी झालेले प्रत्येक पेमेंट लॉगमध्ये मंजुरीच्या आधी जाऊन बसले. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसांवर संशय घेतला गेला, आणि तो टाळण्यासाठी एक छोटी क्वेरी पुरेशी होती. ठीक मध्यरात्रीची वेळ असलेल्या नोंदी प्रत्येक कृतीनुसार मोजणे हे कोणताही नवा लॉग मिळाल्यावरचे माझे पहिले काम असते. एखाद्या कृतीच्या सर्वच नोंदी मध्यरात्रीच्या निघाल्या, तर त्या कृतीची तुलना मी फक्त तारखेच्या पातळीवर करतो.

अशा वेळी अनेक जण कृतींना अपेक्षित क्रमांक देतात आणि तारीख सारखी असल्यास त्या क्रमांकाने नोंदी लावतात. नकाशा काढण्यापुरता हा उपाय चालेल. नियमभंग शोधताना तो मुळीच वापरू नये, कारण त्या दिवसापुरता नियम पाळला गेला असे आपणच आधी ठरवून टाकलेले असते. एकाच दिवशी झालेल्या कृतींचा क्रम अनिश्चित असल्याचे अहवालात स्पष्ट लिहावे.

दुसरी चूक एसक्यूएल (क्वेरी लिहिण्याची भाषा) जाणणाऱ्यांकडूनही होते. एखाद्या कृतीनंतर लगेच कोणती कृती घडली हे काढण्यासाठी ‘लीड’ हे विंडो फंक्शन (क्रमाने लावलेल्या नोंदींतून पुढच्या नोंदीचे मूल्य देणारे) वापरले जाते, आणि त्याच क्वेरीत ‘व्हेअर’ ही अट लावून नको त्या कृती वगळल्या जातात. ‘व्हेअर’ची गाळणी विंडो फंक्शनच्या आधी चालते, हे इथे विसरले जाते. ऑर्डर, उधारीची तपासणी आणि माल रवाना या क्रमातून मधली कृती गाळली की ऑर्डरनंतर थेट माल रवाना झाल्याचे दिसते, आणि तपासणी टाळली जाते असा निष्कर्ष कुणीतरी काढतो. माझी पद्धत ठरलेली आहे : आतल्या क्वेरीत संपूर्ण लॉगवर, केस आयडीने ‘पार्टिशन’ करून (प्रत्येक केसच्या नोंदींचा वेगळा गट करून), पुढची कृती काढायची आणि गाळणी बाहेरच्या क्वेरीत लावायची. क्वेरी चार ओळींनी वाढते म्हणून हा टप्पा वाचवणाऱ्यांची घाई मला मान्य नाही. ‘पार्टिशन’ विसरल्यास एका केसची शेवटची कृती दुसऱ्या केसच्या पहिल्या कृतीला जोडली जाते.

केस कशाला म्हणायचे, हे क्वेरीपूर्वी ठरवावे. बीपीआय (बिझनेस प्रोसेस इंटेलिजन्स) चॅलेंज या प्रक्रिया-विश्लेषणाच्या स्पर्धेच्या २०१९ च्या सार्वजनिक लॉगमध्ये ७६,३४९ खरेदी दस्तऐवजांत २,५१,७३४ बाबी आहेत, आणि तिथे प्रत्येक बाब ही स्वतंत्र केस आहे. बाबी दस्तऐवजाशी जॉइन करून दस्तऐवजाच्या पातळीवरची कृती मोजली, तर ती जितक्या बाबी तितक्या वेळा मोजली जाते.

एकाच कामाच्या सुरुवातीची आणि समाप्तीची नोंद वेगळी असेल, तर नोंदींची संख्या म्हणजे कामांची संख्या नव्हे. २०१२ च्या बीपीआय लॉगमध्ये कर्ज-अर्जांवरील कामांना नियोजन, सुरुवात आणि समाप्ती अशा तीन प्रकारच्या नोंदी आहेत. सरावासाठी तो जरूर घ्यावा.

वेगवेगळ्या सर्व्हरच्या वेळा एकत्र करण्यापूर्वी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणाव्यात.

कालावधीची केवळ सरासरी देऊ नये. मध्यक (मधोमधचे मूल्य) आणि नव्वदावा शतमकही (ज्याच्या आत नव्वद टक्के केस पूर्ण होतात तो कालावधी) द्यावा.

तारखेची मर्यादा नोंदींवर लावली, तर त्या मर्यादेच्या कडेवरच्या केस अर्धवट तुटतात आणि प्रक्रिया आहे त्यापेक्षा वेगवान भासते. म्हणून मी आधी त्या काळात सुरू झालेल्या केस निवडतो, मग त्यांच्या सर्व नोंदी घेतो, आणि अद्याप पूर्ण न झालेल्या केसची संख्या कालावधीच्या आकड्याशेजारीच लिहितो.